फरकाचा फरक

हनीफभाई हातातली वस्तू कधी टेबलावर ठेवत नसत. पाडत. खडूचा डबा असो, हजेरीपुस्तक असो, नाहीतर प्राचार्यांनी बोलावल्याची चिठ्ठी असो. टेबलापासून वीतभर उंचीवर वस्तू न्यायची, बोटं हळूच सोडायची, मान कलती करून आवाज ऐकायचा आणि "हं" म्हणायचं. चहाचा कप तेवढा ठेवत, तोही नाइलाजानं, कारण कप कॉलेजचे होते. चिठ्ठी पाडली की ती हेलकावे खात भलतीकडे जायची, कपाटाखाली शिरायची. ती काढायला ते वाकायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद असायचा, जणू चिठ्ठीनं थट्टा केली आणि ती फक्त त्यांनाच कळली.

मानोऱ्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते प्रयोगशाळा परिचर होते आणि मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. म्हणजे कागदोपत्री ते माझ्या हाताखाली. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून घेतो, कारण पुढे ते कुणाला खरं वाटणार नाही. या माणसावर मी वीस वर्षं जळलो. सवडीनं, मन लावून, सणवार न पाळता जळलो.

पहिली भेट मी रुजू झालो त्या दिवशीची. अमरावतीची ताजी एम.एस्सी., कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात एकच कल्पना: आपण शिकवायला लागलो की वर्ग म्हणजे रंगमंच आणि आपण नायक. त्या तोऱ्यात प्रयोगशाळेत शिरलो तर स्टुलावर एक किडकिडीत माणूस बसलेला. एका डोळ्यात घड्याळजीचं भिंग खोचलेलं, हातात कागदाची लांब पट्टी. त्यांनी भिंग न काढताच वर पाहिलं. एक डोळा डोळ्याएवढा आणि दुसरा लिंबाएवढा.

"नवे सर काय? या. एक पट्टी पाडता?"

मला काही कळेना. मग त्यांनी भिंतीवरचं आपलं यंत्र दाखवलं. जुन्या विजेच्या घंटेची वाटी काढून नुसती हातोडी ठेवली होती. हातोडीच्या टोकाला खिळा, खिळ्याखाली कार्बनचा तुकडा आणि कार्बनखालून जाणारी बोटभर रुंदीची कागदी पट्टी. पट्टीच्या खालच्या टोकाला अर्ध्या किलोचं वजन. बटण दाबलं की हातोडी सेकंदाला पन्नास वेळा थरथरायची. वजन सोडलं की ते पट्टीला घेऊन खाली यायचं आणि पट्टीवर ठिपके उमटायचे. आधीचे दाटीवाटीनं, नंतरचे लांब लांब. पडणाऱ्या वस्तूनं स्वतःच्या हातानं लिहिलेला जबाबच तो.

"पाच-पाच ठिपक्यांवर खुणा करा," हनीफभाई सांगू लागले. "म्हंजे झाला सेकंदाचा दहावा हिस्सा. कुठून कुठं आलं थे मोजा. मंग फरक काढा, थो वेग. मंग फरकाचा फरक काढा, थे त्वरण. बस. दुनियेत इतकंच हाये सर."

"हनीफभाई," मी रुमालानं कपाळ टिपत म्हणालो, "उत्तर नऊ पॉइंट आठ येतं. मला पाठ आहे."

"पाठ तं हाये सर," ते शांतपणे म्हणाले. "पायलं काय?"

मी खोटं खोटं हसलो आणि स्टाफरूमकडे निघालो. जाताना मागं वळून पाहिलं तर ते कोऱ्या पट्टीच्या टोकावर पेन्सिलीनं काहीतरी लिहून ती लाकडी कपाटात ठेवत होते. मला वाटलं, तक्रार नोंदवली. पहिल्याच दिवशी मी त्यांना शत्रू ठरवून टाकलं. त्यांना याची काही खबर नव्हती, आणि हा त्यांचा मला सर्वांत जास्त छळणारा गुण.

त्यांच्या वडिलांचं कारंज्याला घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. हनीफभाई लहानपणापासून त्या दुकानात बसलेले; कान टिकटिकीवर आणि डोळा भिंगात. पुढं मोबाइल आले, मनगटं मोकळी झाली, दुकान मंदावलं आणि हनीफभाई परिचर म्हणून आमच्याकडे लागले. भिंग मात्र सोबत आणलं. शिक्षण बारावी. "दोनदा पास झालो," ते सांगायचे. "एकदा बोर्डाचं, एकदा या पोट्ट्यायसोबत. दुसऱ्या टायमाले समजलं."

आता माझं शिकवणं सांगतो. नम्रतेचा मला आजार नाही, म्हणून सरळ सांगतो, की मी भारी शिकवायचो. मुक्त पतनाच्या तासाला मी टेबलावर चढायचो. डस्टर उंच धरून विचारायचो, "हे खाली का येईल?" मग आवाज खाली नेऊन, "कारण... पृथ्वी... त्याला... बोलावते आहे!" आणि डस्टर सोडायचो. खडूचा ढग उठायचा. टाळ्या पडायच्या. एकदा तर शेजारच्या मराठीच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पण तास संपला की हीच टाळ्या वाजवणारी मुलं प्रयोगशाळेत जायची आणि तिथं टाळ्या नसायच्या. तिथं वीस मुलं एका टेबलावर वाकून श्वास रोखून ठिपके मोजायची. मी खिडकीतून पाहायचो. टाळ्यांपेक्षा त्या शांततेचा मला जास्त हेवा वाटायचा.

जुने विद्यार्थी भेटायला यायचे तेव्हाचा प्रसंग तर ठरलेला. कुणी पुण्याला इंजिनिअर, कुणी नागपूरला डॉक्टर. मी खुर्ची मागं सारून, हात पसरून उभा राहायचो. ते पाया पडायचे आणि वाकलेल्या पाठीतूनच विचारायचे, "सर, हनीफचाचा कुठी हायत?" माझे पाय म्हणजे प्रयोगशाळेकडे जाताना लागणारा टोलनाका झाला होता.

मग मी एक हलकटपणा केला. अर्ध्या किलोचं वजन उचललं आणि माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली दडपलं. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या वेळी सहज फिरत फिरत गेलो. आता गोंधळ पाहायला मिळणार या ओढीनं. हनीफभाईंनी वजन शोधलं, सापडलं नाही. मग त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि पट्टीला बांधलं.

"चाचा, कुलूप कमी वजनाचं हाये. हळू पडन ना?" तांड्यावरून येणारी एक मुलगी म्हणाली. माझ्या वर्गात वर्षभर जिचा आवाज मी ऐकला नव्हता, ती ही.

"मले कायले इचारतं? त्याले इचार," हनीफभाई म्हणाले आणि कुलूप तिच्या हातात दिलं.

तिनं सोडलं. मोजलं. फरक काढला, फरकाचा फरक काढला. वजनाच्या उत्तरापेक्षा किंचित कमी आलं, अगदी किंचित. मग मुलांनी दोन कुलपं बांधली. मग कुणीतरी धावत जाऊन प्राचार्यांच्या टेबलावरचा काचेचा गोळा आणला. सगळ्यांचं जवळजवळ तेच. जो थोडा फरक पडत होता तो कागद घासल्यामुळे. हलक्या वस्तूला कागद जास्त अडवतो, जडला कमी. हे त्या मुलीनं स्वतः शोधून काढलं आणि फळ्यावर मांडून दाखवलं. "वा बाई!" हनीफभाई तिला म्हणाले. "आता तू मास्तरीन, मी पोट्टा."

त्या वर्षातला सर्वांत चांगला तास माझ्या चोरीमुळे झाला होता आणि हे मी कुणाला सांगूही शकत नव्हतो. वजन संध्याकाळी गुपचूप जागेवर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी हनीफभाईंनी ते उचललं, बोटानं त्यावरचा उत्तरपत्रिकेचा कागदी भुसा झटकला आणि टेबलावर पाडलं. "हं," म्हणाले. बस, तेवढंच.

यंत्राला यंत्रानंच उत्तर द्यावं म्हणून मी प्राचार्यांच्या मागं लागून एक नवं उपकरण मागवलं. प्रकाशाचे दोन झोत, मधून गोळी पडते, आणि पडद्यावर लाल आकड्यांत झटक्यात उत्तर: ९.८१. मी त्याचं उद्घाटन केलं. नारळ फोडला. मुलं पाच मिनिटं थांबली, सहाव्या मिनिटाला घंटेकडे गेली. हनीफभाईंनी मात्र उपकरण कौतुकानं पाहिलं, पुसलं, त्याला प्लास्टिकचं आवरण शिवून आणलं. म्हणाले, "झ्याक हाये सर. जवाब लय फटकन देते. पण सवाल कोनं केल्ता?"

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. म्हणजे मी जळत होतो, पण त्याची सवय झाली होती; उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला उन्हाची होते तशी. खरी आग लागली ती माझी मुलगी वैष्णवी आमच्याच कॉलेजात आली तेव्हा.

लहानपणी ही पोरगी माझी पहिली प्रेक्षक. डस्टरचा प्रयोग मी आधी घरात, चपाती लाटायच्या पोळपाटावर उभा राहून तिला दाखवलेला. आणि आता जेवताना काय, तर "चाचा म्हणाले". चाचा म्हणाले पहिला ठिपका धरू नका, हात थरथरलेला असतो. चाचा म्हणाले शेवटचाही धरू नका, तेव्हा वजन जमिनीला लागलेलं असतं. माझी बायको वरण वाढता वाढता म्हणाली, "किती साधं समजावतात नाई हनीफभाई!" त्या दिवशी मला वरण आंबट लागलं.

बारावीला तिनं पट्टी पाडली. खुणांमधली अंतरं आली ४.७, १४.१, २३.०, ३२.७ आणि ४१.८ सेंटिमीटर. फरकाचा फरक कधी ९.४, कधी ८.९, कधी ९.७, कधी ९.१. सरासरी ९.३. तिनं आनंदानं मला दाखवलं.

"नऊ पॉइंट तीन?" मी म्हणालो. "वैष्णवी, बाहेरचे परीक्षक येतात. नऊ पॉइंट आठच्या जवळ आण. गुण जातील."

"पण बाबा, आलं तेच ना?"

"सगळे आणतात. मीही माझ्या वेळी..." मी थांबलो. खरं म्हणजे माझ्या वेळी आम्ही उत्तर आधी लिहायचो आणि मागं मागं येत अंतरं भरायचो. अख्ख्या अमरावतीत कुणी वजन सोडलं असेल की नाही, मला शंका आहे.

"चाचा म्हणतात, कच्चं खरं असते, पक्कं तं आपून करतो," ती म्हणाली. अगदी त्यांच्याच चालीत, मान कलती करून. माझ्या मुलीच्या मानेत त्यांची मान पाहून मी जो पडलो, त्या पडण्याला वेग होता, त्वरण होतं, फक्त जमीन लागत नव्हती.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या प्रयोगवह्या सहीसाठी माझ्याकडे आल्या. पानं सुटी असतात, दोऱ्यानं बांधलेली. संध्याकाळी वैष्णवी मैत्रिणीकडे गेली होती. मी तिच्या वहीचा दोरा सोडला, ते पान काढलं आणि नवं पान लिहायला बसलो. आयुष्यभर अभिनय केला होता, पण हा कळस होता: मी माझ्या मुलीच्या अक्षराची भूमिका केली. तिचा गोल 'व', तिची तिरकी रेघ, सगळं हुबेहूब. अंतरं लिहिली ४.९०, १४.७०, २४.५०, ३४.३०, ४४.१०. फरकाचा फरक ९.८०, ९.८०, ९.८०, ९.८०. काय सुंदर पान होतं! दोरा बांधला, सही केली. मनाशी म्हणालो, तिच्या गुणांसाठी. खोटं. हनीफभाईंचं उत्तर माझ्या घरातून हाकलून द्यायचं होतं, एवढंच.

परीक्षक म्हणून एक मॅडम आल्या. बुटक्या, करड्या केसांच्या, पर्समधून स्वतःची स्टीलची पट्टी काढून टेबलावर ठेवणाऱ्या. वैष्णवीची वही उघडली, ते पान आलं आणि त्या थांबल्या.

"चारही वेळा नऊ पॉइंट आठ शून्य?" त्या म्हणाल्या. "बेटा, वजन सोडायला देव स्वतः आला होता का? आणि हे शेवटचे शून्य कशानं मोजलेस? इथल्या मोजपट्टीवर तर मिलिमीटरच्या पुढे खूणच नाही."

वैष्णवीनं पान पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होतो. आधी तिला काही समजलंच नाही. मग तिची नजर एका आकड्यावर अडकली. मी नऊला खाली लांब शेपूट काढतो. सगळं अक्षर तिचं उतरवलं, नऊ माझे राहून गेले होते. पानभर माझ्या शेपट्या. तिनं मान वर केली नाही.

"हे मोजमाप तुझं आहे?" मॅडमनी विचारलं. "नसेल तर हा प्रयोग मी धरणार नाही. आणि वरती कळवावं लागेल."

हो म्हणावं तर ती खोटी पडणार, नाही म्हणावं तर मी. पोरीची नजर त्या शेपट्यांवरच. आणि वीस वर्षांत एक मिनिट तोंड न मिटलेला मी रुमालाची घडी घालत राहिलो. बाकीची मुलं आपापल्या टेबलावरून चोरून पाहत होती. पंखा तेवढा करकरत होता.

हनीफभाई कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठले. कपाटाचं कुलूप काढलं. आत वर्षानुवर्षांचे गठ्ठे होते; दर मुलाची पहिली पट्टी, टोकावर नाव, दर वर्षाचा गठ्ठा दोऱ्यानं बांधलेला. मला हे माहीत होतं, पण मी त्याला रद्दी समजायचो. त्यांनी सर्वांत वरच्या गठ्ठ्यातून एक गुंडाळी काढली आणि मॅडमसमोर टेबलावर, या खेपेला न पाडता, दोन्ही हातांनी ठेवली.

"मॅडम, पक्क्या पानावर काय चढलं थे राहू द्या. पोरीची पट्टी हे हाये. याच्यावर कोनाचा हात नाई फिरला. मोजून घ्या."

मॅडमनी स्वतः मोजलं नाही. स्टीलची पट्टी वैष्णवीकडे सरकवली. हनीफभाईंनी खिशातून भिंग काढून तिच्या हाती दिलं. तिनं ते डोळ्यात खोचलं आणि सगळ्यांसमोर मोजू लागली. ४.७. १४.१. आधी पुटपुटत होती, तिसऱ्या खुणेपासून मोठ्यानं सांगू लागली. शेवटी कागदावर लिहिलं: ९.३.

"कमी का आलं?"

"कागद खाचेतून घासत येतो, मॅडम. आणि हातोडी दर ठिपक्याला त्याला जरासा धरते. जड वजन बांधलं तर थोडं वाढतं. पण नऊ पॉइंट आठ आमच्या यंत्रावर येत नाही. आलं तर काहीतरी चुकलं समजायचं."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग पान वर धरून म्हणाल्या, "मग हे कुणी आणलं?"

हनीफभाई कपाटाला कुलूप लावत होते. ते लावायला इतका वेळ कधीच लागत नाही. मला समजलं, ते माझ्याकडे पाहायचं टाळत होते. माझी लाज त्यांना बघायची नव्हती. वैष्णवीनं अजून माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

"मी केलं, मॅडम," मी म्हणालो.

माझ्या कारकिर्दीतला सर्वांत छोटा संवाद. टाळ्या पडल्या नाहीत.

मॅडमनी ते पान वहीतून काढलं, चार तुकडे केले आणि वैष्णवीला नव्या पानावर सगळं पुन्हा लिहायला बसवलं. मग माझ्याकडे वळल्या. चिडल्या नव्हत्या, त्याचंच वाईट वाटलं. "सर, एक विचारू? हा प्रयोग तुम्ही स्वतः कधी केलाय?"

मी दार लोटलं. बाहेर जाऊन कडुनिंबाखालच्या बाकावर बसलो. परीक्षा संपल्यावर वैष्णवी बाहेर आली ती हनीफभाईंच्या सोबत, भिंग परत करता करता. घरी आल्यावर ती एकच वाक्य बोलली. "बाबा, गुणांचं जाऊ द्या. मी मोजलं होतं, ते तुम्ही काढून टाकलं." आणि ताट वाढून दिलं. त्या दिवसानंतर जेवताना "चाचा म्हणाले" बंद झालं. इतकी वर्षं ते ऐकून जळत होतो. आता ऐकू येईना म्हणून घास उतरेना. शेवटी एके दिवशी मीच विचारलं, "काय म्हणाले आज चाचा?" तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि सांगायला लागली.

हनीफभाई मात्र होते तसेच. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा. मलाच राहवेना.

"हनीफभाई, राग आला असेल."

"राग काहून येईन सर?" ते बिस्किट बशीत पाडत म्हणाले. "तुमी बी तं पडूनच राह्यले होते. पडनाऱ्यावर कोनी रागावते काय? आपून ठिपके मोजाचे."

या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मी पाऊण तास बोललो. तीन ठिकाणी गहिवरलो. दोन ठरवून, एक आपोआप. सभागृह हलवून टाकलं. मग हनीफभाई उठले. संस्थेनं भेट दिलेलं पेन त्यांनी माइकजवळ उंच धरलं आणि सोडलं. टक्क. मान कलती करून ऐकलं. "बरं हाये," म्हणाले आणि बसले. टाळ्या थांबेनात. जुने विद्यार्थी उभे राहून शिट्ट्या मारत होते. पाऊण तास विरुद्ध एक टक्क! मी टाळ्या वाजवत होतो आणि दात ओठ खात होतो, दोन्ही एकाच वेळी.

जाताना त्यांनी कपाटाची चावी माझ्या तळहातावर पाडली. "वरून खाली पाहून घ्या सर. नवे वरते, जुने खालते." आणि कारंज्याच्या बसमध्ये बसून निघून गेले. तिथं वडिलांच्या जुन्या दुकानात ते आता बसतात. घड्याळं येवोत न येवोत.

मला कपाट उघडायला दोन आठवडे लागले. एका दुपारी, मुलं गेल्यावर, उघडलं. वरून खाली पाहत गेलो. सर्वांत खालच्या गठ्ठ्याचा दोरा सोडला. मी रुजू झालो त्या वर्षाचा. पहिलीच गुंडाळी पिवळी पडलेली. टोकावर पेन्सिलीनं माझं नाव लिहिलेलं: गावंडे सर. उलगडली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही ठिपका नव्हता.

वीस वर्षं त्यांनी माझी जागा राखून ठेवली होती. दर वर्षी वरती नवा गठ्ठा ठेवताना ती त्यांना दिसत असणार. एकदाही आठवण करून दिली नाही. तक्रार नव्हे, आमंत्रण होतं ते.

मी दार लावलं. स्टूल ओढलं. तीच पट्टी खाचेतून घातली, वजन बांधलं, बटण दाबलं. घंटा करवादली. चाचा म्हणाले तसा पहिला ठिपका सोडून द्यायचं ठरवलं. वजन सोडलं. कागद जुना, मधेच फाटला. तीनच खुणा हाती लागल्या. ४.५, १३.४, २२.१. दोनदा मोजल्या. फरकाचा फरक ८.९ आणि ८.७. म्हणजे ८.८. शपथेवर सांगतो, पेन्सिल एकदा नऊकडे वळली. जुनं दुखणं. मी तिला परत आठवर आणलं आणि कारंज्याला फोन लावला.

"हनीफभाई, पाडली."

 पलीकडून एक बारीक टक्क ऐकू आलं; दुकानाच्या काचेवर त्यांनी काहीतरी सोडलं असणार.

"किती आलं सर?"

"आठ पॉइंट आठ."

"लिवून ठेवा," ते म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, अगदी साळसूद आवाजात, "पोरीचं नऊ पॉइंट तीन होतं, नाई काय?"

मी वैष्णवीची पट्टी काढली आणि माझ्या फाटक्या पट्टीशेजारी ठेवली. जळलो. पण या खेपेला अंदाजानं नाही, मोजून जळलो. पॉइंट पाच. माझ्या नावाखाली तोही आकडा लिहिला आणि कपाटाला कुलूप लावलं.